पिल्लं पहाटेच का मरतात? घरातली मरतूक आणि बाहेर सोडल्यावरचं नुकसान

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. एक दिवसाची पिल्लं आणली, दोन दिवस टुणटुणीत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज सकाळी दोन-चार मेलेली सापडायला लागली. दुकानातून पावडर आणून पाण्यातून दिली, तरी थांबेना. आठवडाभराने आपोआप थांबलं. उरलेली महिनाभर छान वाढली, बाहेर सोडली, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा माना टाकायला लागली. शंभरातली साठ-पासष्ट हाती लागली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

आमच्याकडे पहिल्या तीन खेपांना हेच झालं. आमचा मळा निफाड तालुक्यात, गावठाणापासून बराच आत. वर्षातून दोन-तीनदा पन्नास ते शंभर पिल्लं आणतो, कधी गिरीराज, कधी वनराज, एकदा कडकनाथ जातीची. पडवीला लागून एक खोली आहे, तिथे चार ते सहा आठवडे वाढवतो आणि मग परसात सोडतो. हा धंदा मोठा नाही, पण अंड्यांचे पैसे माझ्या हातात येतात, म्हणून एकेक पिल्लू गेलेलं मला लागतं.

फरक पडला तो सासूबाईंमुळे. त्यांनी आयुष्यभर खुडूक कोंबडीखाली पिल्लं काढली. बल्ब, ब्रूडर (पिल्लांना ऊब देण्याची सोय) हे त्यांना नवीन. तिसऱ्या खेपेला एका सकाळी मी सात मेलेली पिल्लं घमेल्यात भरत होते, तेवढ्यात त्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "थांब गं, उचलू नको. बघू दे आधी." सातही पिल्लं उत्तरेच्या भिंतीला, कोपऱ्यात, एकावर एक. वरची दोन अजून कोमट होती. खालची चपटी झालेली, लव ओली होऊन अंगाला चिकटलेली. "ही रोगानं नाही गेली. चेंगरली. वरच्यांना गार लागलं, ती खालच्यांच्या अंगावर चढली."

चार दिवस मी त्या पिल्लांना अँटिबायोटिक पाजत होते.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक वही आहे. मेलेलं पिल्लू उचलायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता दिसलं, कुठे दिसलं, कसं पडलेलं होतं. औषधाचा विचार त्यानंतर. कोणी पिल्लं मरतात म्हणून विचारायला आलं की मी आधी या तीनच गोष्टी विचारते, आणि बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं. खाली त्याच क्रमाने लिहिते.

पहाटे, कोपऱ्यात, ढिगात

असं सापडलं तर कारण थंडी. दुसरं काही शोधू नका.

पहिले दहा-पंधरा दिवस पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. हे आता सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती मोजायच्या वेळेत. आपण मोजतो संध्याकाळी सात-आठला, जेवणाआधी, जेव्हा भिंती अजून दिवसाच्या तापलेल्या असतात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. थंडीची लाट आली की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, कारण खरा गारठा उजाडायच्या आधीच्या दोन तासांत पडतो. बाग ज्या वेळी राखावी लागते, त्याच वेळी पिल्लंही राखावी लागतात. मी एकदा गजर लावून साडेचारला उठले आणि थर्मामीटर तुसापासून दोन बोटं वर धरला. संध्याकाळी ३४ दाखवत होता, तो पहाटे २३ वर आलेला. बल्ब चालू असताना!

कारणं तीन निघाली. ती जवळजवळ सगळ्यांकडे असतात, म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं, फरशी. आमच्या खोलीत शहाबादी आहे. तिच्यावर नुसता इंचभर तूस टाकला होता. वरून बल्ब तापवतो आणि खालून फरशी ओढून घेते. आता आधी गोणपाट, त्यावर पुठ्ठा, त्यावर तीन इंच भाताचा तूस. पिल्लं यायच्या आदल्या रात्रीपासून बल्ब लावून ठेवते. उलटा हात तुसावर ठेवला तर कोमट लागला पाहिजे. गार लागला तर पिल्लं खोक्यातून काढायची घाई करायची नाही.

दुसरं, बल्ब. पिलामागे दोन वॅट, कडक थंडीत त्याहून थोडं जास्त, हा हिशेब जुन्या पिवळ्या बल्बचा आहे. आता दुकानात मागितला की हातात एलईडी येतो, आणि खोक्यावर लिहिलेलं असतं की उजेड साठ वॅटचा. उजेड असेलही, ऊब नाही. पिवळ्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. घरातल्या दिव्यासाठी ती नासाडी, पिल्लांसाठी तीच कामाची. नात्यातल्या एका ताईंनी दोन एलईडीखाली चाळीस पिल्लं ठेवली होती. खोली लख्ख उजळलेली, आणि पिल्लं गारठून आरडत होती. पिवळा बल्ब मिळत नसेल तर पोल्ट्रीचं सामान ठेवणाऱ्याकडे अडीचशे वॅटचा इन्फ्रारेड दिवा मिळतो. तो वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने आढ्याला टांगा आणि तुसापासून दीड-दोन फूट वर ठेवा. तूस कोरडा असतो, दिवा पडला तर खोलीसकट पेटेल. दिवा कोणताही असो, एकावर विसंबायचं नाही. पन्नास पिल्लांना साठ-साठचे दोन लावा. एक उडाला तरी सकाळपर्यंत दुसरा तग धरतो.

तिसरं कारण सगळ्यात मोठं, ते म्हणजे वीज जाणं. मळ्यातली घरं शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवर असली की वीज पाळीने येते, आणि रात्री कधी जाईल त्याचा नेम नसतो. बल्ब गेला की दोन गोष्टी होतात. ऊब तर जातेच, पण अचानक अंधार पडल्याने पिल्लं घाबरतात आणि आवाजाच्या दिशेने धावत एका जागी गोळा होतात. चेंगराचेंगरी अंधाराने सुरू होते आणि गारठ्याने वाढते. म्हणून एलईडी अगदीच टाकाऊ नाही. बॅटरीवरचा लहानसा एलईडी कोपऱ्यात कायम लावून ठेवा, वीज गेली तरी खोली काळोखी होत नाही. ऊब त्याने मिळणार नाही, पण गोंधळ टळतो.

उबेसाठी आम्ही पुठ्ठ्याची खोकी वापरतो. किराण्याचं मोठं खोकं उलटं घालायचं, छताची उंची जेमतेम एक वीत राहील असं कापायचं, दोन बाजूंना पिल्लू सहज आत-बाहेर करेल एवढी दारं आणि वर हवेसाठी चार-सहा भोकं. आतल्या बाजूने जुन्या गोधडीचा तुकडा चिकटवायचा. लोंबते दोरे ठेवू नका, पायात अडकतात. एका खोक्यात पंचवीस पिल्लं, त्याहून जास्त नाही. पंचवीस पिल्लं बुटक्या छताखाली बसली की त्यांच्याच अंगाची ऊब कोंडून राहते. कोंबडीच्या पोटाखाली तरी दुसरं काय असतं? मात्र खोकं पहिल्या दिवसापासून बल्बच्या उजेडाच्या कडेला ठेवलेलं हवं. वीज गेल्यावर आणून ठेवलं तर एकही पिल्लू आत जात नाही, हे मी करून बघितलंय. फार गारठा असेल तेव्हा पाच लिटरच्या कॅनमध्ये कढत पाणी भरून, बूच घट्ट लावून, गोणपाटात गुंडाळून खोक्याला टेकवून ठेवते. पहाटेचे दोन-तीन तास निघतात.

कोपरे मोडायलाच हवेत. दीड फूट उंचीचा पुठ्ठा किंवा पत्रा गोल वाकवून उभा केला की पिल्लांना ढीग करायला कोपराच राहत नाही. पन्नास पिल्लांना चार फूट व्यासाचा गोल पुरतो, शंभरांना सहा फुटांचा. दर दोन-तीन दिवसांनी थोडा सैल करत जायचा. आमच्याकडे लग्नाचा जुना फ्लेक्स चार बांबूंना बांधून केला होता, तोही चालला.

थर्मामीटर नसेल तर पिल्लं सांगतात. बल्बखाली गच्च गोळा होऊन टिपेच्या आवाजात ओरडत असतील तर गार लागतंय. बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख सैल सोडलेले असतील तर फार तापलंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून कुठून तरी वाऱ्याचा झोत येतोय. मेणबत्ती लावून फट शोधा. आणि गोलभर विखुरलेली, काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, आवाज बारीक कुजबुजल्यासारखा, असं दिसलं की काही करू नका. माझा स्वतःचा विश्वास थर्मामीटरपेक्षा या आवाजावर जास्त आहे.

दिवसा, एकेकटं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी

ही पिल्लं ढिगात नसतात. एक भांड्यापाशी, एक भिंतीपाशी, अशी सुटी मरतात. मरायच्या आधी डोळे मिटून, पिसारलेली, एका जागी उभी असतात. हातात घेतलं तर वजनच लागत नाही.

इथे फसवणूक अशी की चूक आज झालेली नसते. अंड्यातून निघताना पिल्लू पोटात बलक घेऊन येतं. त्यावर ते दोन-तीन दिवस काही न खाता काढू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी ज्याने दाणा टिपला नाही, पाणी प्यायलं नाही, ते मरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आपण त्या दिवशीचं पाणी, त्या दिवशीचं खाद्य तपासत बसतो. खरी गोष्ट पहिल्या रात्रीच घडून गेलेली असते, बरेचदा प्रवासात. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशा चार ठिकाणी आहेत. आमच्यापासून जवळचं म्हटलं तरी दीडशे किलोमीटरच्या पुढे. कुठूनही आणा, मोटारसायकलवर मागे खोकं बांधून थंडीत आणलेलं पिल्लू घरी येतं तेव्हाच अर्धं गारठलेलं असतं. गारठलेलं पिल्लू खात नाही, ते फक्त ऊब शोधतं.

म्हणून उतरवताना दोन तपासण्या करा. एक, पाच-सहा पिल्लं उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. हाताला नेमकं कळत नाही, गालाला कळतं. पाय गार लागले तर ऊब कमी आहे, मग थर्मामीटर काहीही म्हणो. दोन, संध्याकाळी झोपायच्या आधी आठ-दहा पिल्लांच्या गळ्याखाली, छातीच्या वर, बोटाने हलकेच चाचपा. तिथे अन्नाची पिशवी असते. खाऊन-पिऊन झालेल्या पिल्लाची पिशवी मऊ, शिजलेल्या डाळीच्या पुरचुंडीसारखी लागते. कडक लागली तर नुसतं कोरडं खाल्लंय, पाणी मिळालेलं नाही. हाताला काहीच लागलं नाही तर पिल्लू उपाशी आहे. अशी रिकामी पिल्लं वेगळी काढून चोच एकेकदा पाण्यात बुडवायची, की ते शिकतं. दहातली तीन-चार रिकामी निघाली तर मी त्या रात्री झोपत नाही. भांडी वाढवते आणि कागद पसरून त्यावर मक्याचा भरडा टाकते. दाणा कागदावर पडला की टपटप आवाज येतो आणि पिल्लं धावून येतात.

पहिल्या काही तासांत कोमट पाण्यात गूळ, नंतर साधं स्वच्छ पाणी. गुळाचं पाणी दिवसभर ठेवू नका, आंबतं. पहिल्या दिवशी भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य.

याच दिवसांत मेलेल्या पिल्लाचं पोट फुगलेलं, मऊ असेल, बेंबी ओली किंवा काळपट असेल आणि वास येत असेल, तर तो बेंबीचा जंतुसंसर्ग. बहुधा अंडी उबवतानाच्या अस्वच्छतेतून येतो. घरी आपण त्याला फारसं काही करू शकत नाही. अशी पिल्लं वेगळी काढा आणि डॉक्टरांना दाखवा. पुढच्या खेपेला पिल्लं घेताना चार-पाच उलटी करून बेंबी बघूनच घ्या.

सगळीकडे पसरून, एका रात्रीत

हे आमच्याकडे एकदाच झालं आणि ते सांगायलाच हवं. दुसऱ्या खेपेला वीज दोन रात्री नव्हती. आम्ही खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, गारठा आत येऊ नये म्हणून दार-खिडकी लावून फटींना पोती लावली. सकाळी अठ्ठावीस पिल्लं गेलेली. ढीग नव्हता. जिथे बसली होती तिथेच मान खाली टाकून, झोपल्यासारखी. मी आत जाऊन दहा मिनिटं त्यांच्याकडे बघत बसले आणि डोकं जड झालं, मळमळायला लागलं.

कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, धूर दिसत नाही. पिल्लांना तो आधी लागतो, पण माणसालाही तोच मारतो. शेगडी वापरायचीच असेल तर कोळसे बाहेर पूर्ण पेटून धूर थांबल्यावरच आत आणा. तरीही वरची खिडकी चार बोटं उघडी हवी, आणि त्या खोलीत कोणी माणूस झोपता कामा नये. लेकरांना तर अजिबात झोपवू नका. मी स्वतः त्या दिवसानंतर शेगडी आत नेलेली नाही. गरम पाण्याचे कॅन आणि खोकी पुरतात.

किरकोळ, पण वहीत वारंवार येणारं

शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली तर कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूच सोडवा. ओढू नका, कातडी निघते. बहुतेक वेळा हे पहिल्या दिवसांतल्या गारठ्याचं किंवा अतिउबेचं लक्षण असतं. पांढरी चिकट हगवण बऱ्याच पिल्लांना एकदम लागली तर मात्र दवाखाना गाठा.

पाय फाकलेली पिल्लं दिसली तर खाली गुळगुळीत वर्तमानपत्र आहे का ते बघा. पाय घसरतात आणि तसेच राहतात. खडबडीत पुठ्ठा किंवा गोणपाट टाका.

तुसाला बुरशीचा कुबट वास येत असेल तर तो आत आणूच नका. पिल्लं चोच वासून, मान ताणून श्वास घ्यायला लागतात आणि त्या बुरशीला औषध लागू पडत नाही. पावसाळ्यात चाळीत भिजलेला तूस वाळवून वापरायचा मोह होतो, तो टाळा.

रात्रीत पिल्लं कमी झाली आणि मेलेलं एकही दिसत नसेल तर उंदीर किंवा घूस. अर्धा इंची जाळी गोलावर झाका, नुसत्या माशांच्या जाळीला ती कुरतडते.

एकमेकांना टोचायला लागली तर आधी जागा वाढवा आणि उजेड कमी करा. चौथ्या आठवड्यापर्यंत पिलामागे अर्धा चौरस फूट तरी हवा.

बाहेर सोडल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी

आता ज्याने सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते. महिना-सव्वा महिना खाऊ घातलेली, पंख आलेली पिल्लं. सगळे म्हणतात "हवा लागली". हवा लागून पिल्लू दोन दिवसांत आजारी पडेल. आठवड्याने पडतंय तर ते जमिनीतून काहीतरी टिपतंय.

विष्ठा बघा. खोलीत तुसात मिसळून जाते म्हणून कळत नाही. रात्री त्यांच्याखाली पोतं अंथरा आणि सकाळी ते उजेडात नेऊन बघा. विटकरी, चॉकलेटी किंवा सरळ रक्ताची लाल विष्ठा दिसली तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा हा रोग. मोठ्या कोंबड्या त्याचं बीज विष्ठेतून टाकत असतात, त्यांना स्वतःला फार काही होत नाही. ते बीज ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतं, पिल्लू दाण्याबरोबर ते टिपतं आणि पाच-सात दिवसांनी आतड्यातून रक्त यायला लागतं. तो आठवा-दहावा दिवस आला कुठून, ते इथे कळतं.

आमच्या परसात जागा सापडली ती मोरीच्या पाण्याजवळ. तिथे कायम ओल, तिथेच गांडुळं, तिथेच मोठ्या कोंबड्या आणि तिथेच नवी पिल्लं. वहीत लागोपाठ चार नोंदी "मोरीपाशी" अशा होत्या.

फिनेल टाकून हे बीज मरत नाही. ऊन आणि कोरडेपणा हाच इलाज. मोरीचं पाणी चर काढून केळीला नेलं, ती जागा खरवडून आठ दिवस उन्हात पडू दिली. खोलीतही तीच परीक्षा: पाण्याच्या भांड्याजवळचा तूस मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओला आहे, काढून टाका. भुरभुर सुटला तर ठीक. भांडं विटेवर ठेवा, काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आला पाहिजे, म्हणजे पाय घालून सांडत नाहीत. आणि गुडघ्यावर बसून पिल्लाच्या उंचीला श्वास घेऊन बघा. ओल्या तुसाचा वास उभं राहून येत नाही, खाली डोळे चुरचुरतात.

रक्त दिसल्यावर थांबायचं नाही. आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातून द्यायचं. ॲम्प्रोलियम नावाचं औषध यावर चालतं, मात्रा आणि दिवस डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. इथे एक चूक मी स्वतः केली आहे. अशक्तपणा आला म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक घातलं. ॲम्प्रोलियम त्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही आणि त्यानेच तो मरतो. आपण वरून तेच जीवनसत्त्व ओतलं तर औषध निकामी होतं. टॉनिक द्यायचंच तर कोर्स संपल्यावर. नुसत्या अँटिबायोटिकने ही हगवण थांबत नाही, कारण हा जीवाणू नाही.

विष्ठेत रक्त नाही, हिरवट पातळ आहे, मान वळलेली किंवा पाय लुळे, आणि मोठ्या कोंबड्याही पडताहेत, तर ती मानमोडी (राणीखेत) असू शकते. तिला लागण झाल्यावर उपाय नाही, फक्त लस. लासोटा ही मानमोडीची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस साधारण चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. बाहेर सोडायच्या आधी एवढं झालेलं हवं. देवीची लस आणि मानमोडीची इंजेक्शनची लस पुढे, तारखा दवाखान्यातून लिहून घ्या. कुपी शंभर किंवा जास्त डोसची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही तीन घरं मिळून एकाच दिवशी लस देतो. बर्फात आणा. खिशात घालून आणलेली लस देऊन काही उपयोग नाही.

एकाच दिवशी खूप पक्षी अचानक पडले तर गुपचूप पुरू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सगळ्या राज्यातल्या कोंबडीवाल्यांनी काय सोसलं ते आमच्या घरात अजून आठवतात. तपासणीसाठी न्यायचं तर नुकतंच मेलेलं पिल्लू प्लास्टिकमध्ये घालून, भोवती बर्फ ठेवून न्या. संध्याकाळपर्यंत उन्हात पडलेल्या पिल्लातून डॉक्टरांना काही वाचता येत नाही.

बाहेर काढायची रीत

आम्ही उन्हाळ्यात चार आठवडे आणि थंडीत सहा आठवडे आत ठेवतो. पण आठवड्यांपेक्षा पिसं बघा. पाठीवर आणि मानेवर लव शिल्लक असेल तर पिल्लू तयार नाही.

शेवटच्या आठवड्यात आधी दिवसाचा बल्ब बंद. दोन-तीन दिवसांनी रात्रीचाही. बल्बशिवाय सलग चार-पाच रात्री ती पसरून झोपली, ढीग केला नाही, की मग बाहेरचा विचार. बल्ब आज बंद आणि पिल्लं उद्या खुराड्यात, असं केल्याने आमच्या एका शेजाऱ्यांची वीस पिल्लं एका रात्रीत चेंगरली. सहा आठवड्यांची होती, तरीही.

बाहेर पहिल्यांदा दव वाळल्यावर, दहा-साडेदहाला, कोरड्या जागी, डालग्याखाली किंवा जाळीच्या घेरात दोन तास. सावलीला पोतं टाका. कावळा, घार आणि मुंगूस टपलेली असतात. मग रोज तास वाढवत न्यायचे. दाणा टाकताना डबा वाजवते. खोलीत पहिल्या आठवड्यापासून तोच डबा वाजवलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी बोलवायला धावावं लागत नाही.

मोठ्या कोंबड्यांत मिसळायची घाई नको. दोन महिन्यांची होईपर्यंत वेगळं खुराडं, वेगळं पाणी, आणि जमलं तर वेगळी जमीन. ज्या तुकड्यावर मागची खेप वाढली, त्याच तुकड्यावर लगेच नवी सोडू नका. सासूबाईंच्या काळात कोंबडी स्वतः पिल्लं घेऊन हिंडायची, रोज नव्या बांधावर. एका जागी ती पिल्लं कधी थांबत नव्हती.

सध्या आत बावन्न पिल्लं आहेत, अकरावा दिवस. वहीत आतापर्यंत दोन नोंदी: एक बेंबीचं, एक पाय फाकलेलं. काल पहाटे वीज गेली तेव्हा सव्वाचारला उठून आत गेले. गोलात एकही पिल्लू दिसेना. खोक्यांच्या दारांतून हात घातला तर सगळी आत, एकमेकांना टेकून, आणि तळहाताला ऊब लागली.